रोवणीतली हजेरी

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली हे मला कॅलेंडर सांगत नाही, वर्ग सांगतो. आषाढातल्या एखाद्या सोमवारी नववीत शिरावं आणि मुलींच्या बाजूचे बाक ओस दिसावेत, की समजायचं, गावात पऱ्हे उपटायला घेतले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मग खिडकीतून तो वास येतो, मुळासकट निघालेल्या हिरव्या रोपांचा, तुडवलेल्या चिखलाचा आणि त्यात मिसळलेल्या डिझेलचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बांध्यांमध्ये, म्हणजे पाणी साठवलेल्या धानाच्या वाफ्यांमध्ये, बायका ओळीनं वाकलेल्या असतात. पाठीवर मेणकापड बांधलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि हात असे चालतात की पाहणाऱ्याची नजर मागं पडते. नागपूरकडून येणारे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. मलाही हे दृश्य पूर्वी फार आवडायचं. हल्ली या दिवसांत मी स्कूटी चालवताना सरळ समोर बघते.

माझं गाव पवनी. वडिलांचं धान्याचं दुकान होतं, त्यामुळे धान मी जन्मापासून पाहिला, पण पोत्यात. बांधीत कधी पाय घातला नाही. नोकरीची पहिली बारा वर्षं वरठीला गेली. तिथं बापलोक सकाळी मोटरसायकल नाहीतर सायकल काढून कारखान्यात जायचे आणि पोरं शाळेत. पाऊस असो की ऊन, माझा हजेरीपट भरलेला असायचा. त्याचा मला गर्व होता. आता लिहायला लाज वाटते, पण होता. मग बदली झाली ती आसगावकडच्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्याच रोवणीत माझा वर्ग निम्मा झाला आणि माझं डोकं फिरलं.

कोण येत नाही, तर मोठ्या मुली. का येत नाहीत, तर आई सकाळी सातला टोळीबरोबर रोवायला जाते आणि घरातलं दोन-अडीच वर्षांचं लेकरू मुलीच्या कमरेवर बसतं. टोळीचा नियम साधा आहे. आज सगळ्या मिळून हिच्या बांधीत, उद्या तिच्या. एकीनं दांडी मारली तर तिच्या बांधीत उद्या कोण येणार? त्यामुळे आई काही घरी राहू शकत नाही. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की पोरींचं नुकसान होतंय आणि कोणी काही करत नाहीये. म्हणजे मलाच करायला पाहिजे. अर्धवट माहिती आणि पूर्ण उत्साह, यांच्याइतकी वाईट जोडी दुसरी नाही.

मी घरोघर जायला लागले. साडेनऊला शाळेची एखादी मुलगी सोबत घ्यायची, दारोदार हिंडायचं, आणि दप्तर घेऊन पोरीला पुढं घालूनच परतायचं. गावात लोक हसायचे. "मॅडम निंगाल्या वसुलीले," म्हणायचे. मला ते कौतुकच वाटायचं. त्या दिवशी सोबत मयुरी होती. नववीतली, तोंडाची फटकळ, गणितात पहिली. पहिल्या घटक चाचणीचा तो दिवस. रोशनीच्या घरी आलो तेव्हा ती ओसरीवर भावाला भात भरवत होती. त्याचं नाव गोलू. अडीच वर्षांचा, कमरेला काळा करदोडा, भात कमी खायचा आणि ओसरीवर जास्त लावायचा. आई केव्हाच गेलेली. बाप वैनगंगेपलीकडे कुठं कामावर.

"मॅडम, मले नाही जमत आज," रोशनी म्हणाली. "याले कोणाकडे ठेवू?"

शेजारच्या शेवंताआजी दारात बसून होत्या. नजर कमी, पण बोलायला ठणठणीत. मीच म्हणाले, "आजीकडे ठेव. दोन तासांचा पेपर आहे. दे आणि लगेच ये." रोशनीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आत जाऊन वेणी घालून आली. गोलू रडला, थोडा वेळ आमच्या मागं आला, आजीनं हाक मारली तसा परत फिरला. मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्या हातात रोशनीचं दप्तर होतं आणि मी खूश होते.

घरांच्या मागं एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं. आमच्या जिल्ह्यात गावागणिक अशी दोन-चार असतात. उन्हाळ्यात तिच्यात पोरं क्रिकेट खेळतात. आषाढात ती भरते. खूप नाही, काठाशी मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं पाणी असतं.

पेपर साडेबाराला सुटला. एक वाजता गाव बोडीकडे पळत होतं.

याच्यापुढचं मला नीट आठवत नाही असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. खोटं आहे ते. सगळं आठवतं. बायका बांधीतून तशाच आल्या होत्या, चिखलाच्या पायांनी, आणि रोशनीच्या आईच्या, वंदनाबाईच्या, डाव्या मुठीत पऱ्ह्यांची पेंडी तशीच होती. ती तिच्या हातातून कोणीतरी सोडवून घेतली.

तिसऱ्या दिवशी मी आणि मुख्याध्यापक सर भेटायला गेलो. ओसरीवर सतरंजी टाकली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, रोशनी कोपऱ्यात, गुडघ्यांत मान घालून. मग वंदनाबाईनं एकदम मान वर केली आणि लेकीला विचारलं, अगदी हळू, जणू दोघीच घरात आहेत.

"काहून गेली होती वो तू? एक दिवस नसती गेली तं काय झालं असतं?"

रोशनीनं मान उचलली. माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिच्या नजरेत राग नव्हता, मागणं नव्हतं. फक्त मी तिथं आहे का, एवढं तिनं पाहून घेतलं. मी नजर खाली, माझ्या पायांच्या बोटांकडे वळवली.

"पेपर होता," ती म्हणाली.

बस. एवढंच. मॅडम आल्या होत्या, मॅडमनं सांगितलं, मॅडमनं दप्तर उचललं, यातलं काहीच नाही. माझ्या जिभेवर वाक्य होतं. तीन शब्दांचं होतं, मी तिला नेलं. ते मी गिळलं. सरांनी "देवाची मर्जी" वगैरे म्हटलं आणि आम्ही उठलो. खरं सांगायचं तर बाहेर पडताना मला सुटकाच वाटली. कोणाला कळलं नाही, ही सुटका. माणूस इतका खाली जाऊ शकतो हे मला त्या ओसरीच्या पायरीवर कळलं. आणि तरी मी स्कूटी सुरू करून घरी गेले, स्वयंपाक केला.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीच्या दारात नववीच्या नऊ-दहा मुली येऊन उभ्या राहिल्या. पुढं मयुरी.

"मॅडम, पाचवीच्या बाजूची खोली खाली आहे. तिची चाबी द्या."

"कशाला?"

"लेकरं ठेवाले."

मी जे बोलले ते कुठलीही शिक्षिका बोलली असती. परवानगी लागेल. समितीपुढं ठेवावं लागेल. लहान मुलं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

मयुरी माझ्याकडे बघत राहिली. त्या सकाळी ती माझ्या शेजारी उभी होती. गावात तीन माणसांना माहीत होतं, मी, रोशनी आणि ही. शेवंताआजीला धरलं तर चार. पण आजी त्या दिवसापासून कोणाशी बोलतच नव्हत्या असं मी ऐकलं होतं.

"आता जे झालं त्याले कोन जबाबदार आहे मॅडम?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग एवढंच, "तुमाले बोलाचं नसन तं नका बोलू. आमी पन नाही बोलत. पन चाबी तं द्या."

मी चावी दिली. पंधरा वर्षांच्या मुलीनं माझी किंमत करून ती माझ्या हातात ठेवली होती, आणि ती मी मुकाट्यानं स्वीकारली.

त्या पोरींनी पुढं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आम्ही शिक्षक प्रशिक्षणात तक्त्यांवर बाण काढून नेतृत्वगुण शिकलेलो आहोत. त्यातला एकही बाण त्यांना माहीत नव्हता. त्यांना त्यांच्या आयांची टोळी माहीत होती. दुपारची खिचडी खाता खाता त्यांनी ठरवलं, रोवणीसारखंच करायचं. आज दोघी बसतील, उद्या दुसऱ्या दोघी. जी बसेल तिचा बुडालेला अभ्यास संध्याकाळी बाकीच्यांनी तिच्या घरी जाऊन करून द्यायचा. दांडी मारायची नाही, कारण दांडी मारली तर आपल्या पाळीला कोण येणार. दार साडेसहाला उघडायचं, टोळी निघायच्या आधी. लेकरू आत आलं की त्याच्या मनगटावर त्याच्या घराला ठरवून दिलेल्या रंगाची दोरी बांधायची, आणि आईच्या हातात दिल्याशिवाय ती सोडायची नाही. दाराला आडवी फळी. दर तासाला डोकी मोजायची. आयांच्या जुन्या लुगड्यांच्या झोळ्या वाशांना बांधल्या. पोतेऱ्यानं खोली रोज पुसायची. कोणीतरी एक फुटका डफ आणला, तो लेकरांना सर्वांत जास्त आवडला.

दहावीच्या मुलांना हे दोन दिवस बघवलं, तिसऱ्या दिवशी ते कुऱ्हाडी घेऊन निघाले. बाभळीच्या भल्या मोठ्या काटेरी फांद्या तोडून आणून त्यांनी बोडीच्या घरांकडच्या काठाला कुंपण घातलं. हात रक्तबंबाळ झाले. मी टिंक्चर लावत बसले होते. एकजण म्हणाला, "मॅडम, मागच्याच वर्षी घातलं असतं तं बरं झालं असतं." मी कापूस दाबून धरला आणि काही बोलले नाही. या सगळ्या गोष्टीत मी काही बोलले नाही हे वाक्य किती वेळा येतंय ते माझ्या लक्षात आहे.

पहिल्या दिवशी दोन लेकरं आली. बायकांचा भरवसा नव्हता. टोळीची पुढारीण म्हणाली, "ह्या पोट्ट्या सोताच लेकरं आहेत." मयुरीनं तिला चिडून उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्यात खोली भरली, आणि मग अडचण आली. लेकरं झोपेनात. अकरा वाजले की एक रडायला लागायचं आणि त्याच्यामागं सगळी. तेव्हा पोरींपैकीच कोणी म्हणालं, "रोशनीले बोलवा. तिलेच येते लेकरं झोपवता."

रोशनी गोलू गेल्यापासून घराबाहेर पडली नव्हती. या मुली तिच्याकडे सांत्वनाला गेल्या नाहीत, शाळेत चल असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याच्यानं होत नाही, तू ये. ती आली. झोळीला पायाचा अंगठा लावून बसली आणि काहीतरी गुणगुणू लागली, शब्द नसलेलं. खोली हळूहळू शांत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई लेकरू घेऊन दारात आली आणि रोशनीला पाहून थबकली. "हे इथं कायले?" ती म्हणाली. "जिच्याच्यानं सोताचा भाऊ नाही सांभाळला गेला, तिच्या हाती आमी लेकरं द्यावं का?"

खोली उघडताना हजर राहायचं म्हणून मी लवकर आले होते, दारातच होते, हजेरीपट छातीशी धरून. हीच ती वेळ होती. देवानं दुसऱ्यांदा आणून समोर ठेवली होती. सात-आठ बायका होत्या, वंदनाबाईही होती, टोळी निघायच्या तयारीत. मी तोंड उघडलं. आणि मूग गिळले.

मयुरी आतून आली. कमरेवर तिची धाकटी बहीण होती, दीड वर्षाची. तिनं ती रोशनीच्या मांडीवर ठेवली, मनगटाची दोरी नीट केली आणि त्या बाईला म्हणाली, "माही बहीन इथंच राहीन, काकू. तुमचं तुमी पाहा." मग फळी लावायला लागली. ती बाई लेकरू घेऊन गेली, चिखलात धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या मातीच्या बांधावर, छत्रीखाली ठेवलं दिवसभर. दोन दिवसांनी घेऊन आली. रोशनीनं दोरी बांधून घेतलं.

रोशनी पोळ्यानंतर वर्गात बसायला लागली. माझ्या तासाला ती तिसऱ्या बाकावर असायची, आणि मी तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघून शिकवायचे.

पुढच्या वर्षी खोलीची बातमी तालुक्यापर्यंत गेली. कोणी फोटो काढून नेले. एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि उपक्रमशील शिक्षिका असं लिहिलेली काचेची पाटी. मी भाषणात म्हणाले की सगळं मुलींनी केलं. टाळ्या आणखी जोरात झाल्या, बाई किती नम्र आहेत म्हणून. मुलींना बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मयुरी म्हणाली, "मॅडम, फोटो चांगला आला तुमचा." ती चिडवत होती की काय, हे मला आजही सांगता येणार नाही. ती पाटी मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

मुलं पुढं होतात, नेतृत्व करतात, याचं आपण फार कौतुक करतो. मला वाटतं पुष्कळदा ती पुढं होतात कारण मोठी माणसं मागं सरकलेली असतात. जागा रिकामी दिसली म्हणून ती तिथं जाऊन उभी राहतात. त्या पोरींनी काम कोणाच्या शिकवणीनं केलं नाही. त्यांच्या एका मैत्रिणीवर आळ आला होता, तो खोटा आहे हे त्यांतल्या एकीला माहीत होतं, आणि ज्या बाईनं तो पुसायला हवा होता ती बाई गप्प होती. मग त्यांना जे करता येत होतं ते त्यांनी केलं. शब्दानं नाही तर हातानं. याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, उपक्रम तर नक्कीच नाही.

सहा वर्षं झाली. मयुरी लग्न होऊन कोंढ्याला आहे, तिथंही तिनं दोन वर्षांपासून अशीच खोली चालवायला पोरी गोळा केल्यात म्हणे. रोशनी भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. दर रोवणीला आठ दिवस सुट्टी काढून गावी येते आणि खोलीत बसते. नवीन नववीच्या मुलींना ती लेकरू कसं उचलायचं, रडणं भुकेचं की झोपेचं, हे शिकवते. घरी मात्र कमी बोलते असं लोक सांगतात. सकाळी आईच्या आधी निघते, संध्याकाळी आईच्या नंतर पोचते.

यंदा परवाचीच गोष्ट. नववीतल्या आरतीनं रंगाचे डबे आणले. मुलींनी ठरवलं होतं, खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर खोलीची गोष्ट लिहायची, म्हणजे पुढच्या पोरींना कळेल. हातात ब्रश घेऊन ती स्टुलावर चढली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी तं पहिल्यापासून आहा. सांगा ना, सुरू कशी झाली ते." दार उघडं होतं. आत रोशनी झोळीशी बसली होती.

मी सांगायला लागले. वर्षानुवर्षं पाहुण्यांना सांगून ते वाक्य तोंडात बसलं होतं. "एक मुलगी आपल्या लहान भावाला शेजारी ठेवून शाळेत आली..." आरती लिहीत होती. "एक मुलगी आपल्या लहान भावाला" एवढं निळ्या रंगात भिंतीवर आलंही. आत झोळीचं कुरकुरणं थांबलं नाही. रोशनीनं मान वर केली नाही. ती ऐकत होती, आणि तिला त्यात काही नवीन वाटत नव्हतं. आता हे भिंतीवर चढणार होतं, माझ्या तोंडून, निळ्या अक्षरांत, ती रोज ज्या दारातून आत-बाहेर करते त्या दाराशेजारी.

"थांब," मी म्हणाले. "पूस ते."

"चुकलं का मॅडम?"

"माझं चुकलं."

चपला मी व्हरांड्यातच काढल्या. शाळेच्या कुंपणाला लागून बांध्या आहेत, तिसऱ्या बांधीत त्या दिवशी टोळी होती. धुऱ्यावरून गेले, मग चिखलात उतरले. पाय आत गेला तो पोटरीपर्यंत, साडी भिजली. आयुष्यात पहिल्यांदा मी बांधीत उभी होते. बायका हसायला लागल्या, मॅडम रोवाले आल्या म्हणून. मग माझं तोंड पाहून गप्प झाल्या. वंदनाबाई ओळीत मधोमध होती. तिनं पाठ सरळ केली.

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वंदनाबाई, त्या दिवशी रोशनी स्वतःहून शाळेत गेली नव्हती. मी तुमच्या घरी आले होते. ती नाही म्हणाली होती. गोलूला आजीकडे ठेव, असं मी सांगितलं. मी तिला नेलं. तिची काही चूक नाही. इतकी वर्षं मी हे सांगितलं नाही."

कुठंतरी दूर ट्रॅक्टर चिखल करत होता.

"मले मालूम आहे, मॅडम," वंदनाबाई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही.

"शेवंताबुडीनं मले त्याच हप्त्यात सांगतलं. पाय धरून सांगतलं तिनं." तिनं हातातल्या पेंडीची मुळं पाण्यात हलवून धुतली. "मी पोरीले जे बोलली थे त्या आधी बोलली. मंग मांगं कसं घेऊ? मी म्हनली असती, तुही चूक नाही, तं तिनं म्हनलं असतं, आई समजूत काढून राहिली. हे तुमच्याच तोंडातून पाहिजे होतं. मी वाट पाहून राहिली होती." पेंडीचं पाणी निथळू दिलं. "सहा रोवण्या वाट पाह्यली."

मी काहीतरी बोलायला गेले. माफी वगैरे. तिनं हातानंच थांबवलं.

"मले सांगून काय होते आता? तिले सांगा. पोरगी माह्या तोंडाकडे पाहत नाही."

आणि ती वाकून पुन्हा रोवायला लागली. तिच्या दोन्ही बाजूच्या बायकाही वाकल्या. मी चिखलातून परत आले.

रोशनीच्या मांडीवर एक लेकरू अर्धवट झोपेत होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, तशीच, चिखलाची. मुलींना बाहेर जा म्हणाले नाही. सांगितलं, आईला सांगून आले, सगळ्या टोळीसमोर. मी तुला नेलं होतं. त्यात तुझा दोष काही नाही, सगळा माझा आहे. ती झोळीला झोका देत राहिली.

"तू का नाही सांगितलंस गं कधी?" मी विचारलं. सहा वर्षं हे विचारायचं होतं. "त्या दिवशी ओसरीवर मी समोर बसले होते. माझं नाव घ्यायचं होतंस."

"नाव घेतलं असतं तं गावानं तुमाले राहू दिलं नसतं," रोशनी म्हणाली. तिला हे फार साधं वाटत होतं. "मंग आमाले शाळेत न्याले कोन आलं असतं?"

पंधरा वर्षांची होती तेव्हा ती. भाऊ जाऊन तीन दिवस झाले होते. आणि तिनं ओसरीच्या कोपऱ्यात बसून हा हिशोब केला होता, गावातल्या सगळ्या मुलींसाठी, माझ्यासाठीसुद्धा. मी त्या वेळी माझ्या पायांची बोटं बघत होते.

मांडीवरच्या लेकराला थोपटत तिनं विचारलं, "आई काय म्हनली?"

"तिला आधीपासून माहीत होतं, रोशनी. त्याच आठवड्यापासून."

झोळी थांबली.

"आधीपासून?"

"हो. तिला तुझ्यावर राग नाही. कधीच नव्हता. तुला कसं सांगावं ते तिला कळत नव्हतं."

रोशनीनं मांडीवरचं लेकरू उचललं आणि माझ्या हातात दिलं. त्याची मान माझ्या कोपरात नीट टेकवली. मग फळी ओलांडून बाहेर गेली. व्हरांड्यातून मी पाहत होते. धुऱ्यावरून ती चालत गेली, आधी सावकाश, मग भराभर, आणि शेवटी तशीच चिखलात उतरली. ओळीतल्या बायकांनी पाठी सरळ केल्या. दोघी काय बोलल्या ते इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. बोलल्या असतील असंही वाटत नाही. वंदनाबाईनं शेजारणीला जरा सरकायला लावलं, आपल्या हातातली अर्धी पेंडी लेकीच्या हातात दिली, आणि दोघी वाकल्या.